डोळ्याचं दुखणं घरी ओळखताना: आधी नजर, मग वेदना, लाली सगळ्यात शेवटी

डोळा लाल झाला की सगळं घर जागं होतं. नजर कमी होत गेली तर महिनोन्महिने कुणाला पत्ता लागत नाही. सोलापूर शहरात किंवा आसपासच्या गावांत नेत्रतपासणी शिबिराच्या नोंदीला बसलं की ही उलटी काळजी पुन्हा पुन्हा दिसते. साधे डोळे आलेल्या माणसाच्या पिशवीत चार बाटल्या असतात, आणि काचबिंदूनं एक डोळा जवळजवळ संपलेली बाई म्हणते, "मला काही नाही हो, वहिनींच्या सोबत आले."

चूक कुठं होते तेही ठरलेलं आहे. माणसं आरशात डोळ्याचा रंग बघतात, दोन्ही डोळे उघडे ठेवून "दिसतंय की" म्हणतात आणि मेडिकलमधून थेंब आणतात. हा क्रम बदलला पाहिजे. आधी नजर, मग वेदना, आणि लाली सगळ्यात शेवटी. आजाराचं नाव घरी ठरवायचं नाही, ते डॉक्टरांचं काम. आत्ता निघायचं, आज दाखवायचं की या आठवड्यात जायचं, एवढं घरी ठरवता आलं तरी बरेच डोळे वाचतील.

## तयारी

हात साबणानं धुवा आणि स्वच्छ कपड्याला पुसा. घरात विड्या वळल्या जात असतील, कुणी तंबाखू-चुना मळत असेल किंवा नुकती मिरची कांडली असेल तर दोनदा धुवा. पेरांत आणि नखांत राहिलेली भुकटी डोळ्यात गेली की नवीनच दुखणं उभं राहतं आणि मूळ लक्षण झाकलं जातं.

जवळ ठेवायच्या वस्तू: ठळक तारखांची भिंतीवरची दिनदर्शिका, टॉर्च, कागद-पेन आणि रोजचा चष्मा. दिनदर्शिका यासाठी की तिच्यात मोठे आकडेही असतात, बारीक अक्षरंही असतात आणि सरळ रेषांच्या चौकटीही असतात. तिन्हींचा उपयोग होणार आहे. ती खिडकीतला उजेड पडेल अशा भिंतीवर लावा.

चष्मा लावूनच तपासा. दूरचं बघताना दूरचा, जवळचं बघताना जवळचा. चष्म्याशिवाय धूसर दिसलं तर त्यातून नंबर आहे एवढंच कळतं, आणि ते आधीच माहीत असतं.

एक डोळा झाकायला तळहाताचा खोलगट भाग वापरा. बोटांनी झाकलं तर फटीतून दिसतं. डोळा दाबला तर तो नंतर काही वेळ धूसर राहतो आणि पुढची तपासणी चुकते.

खबरदारी: तपासणीआधी डोळ्यात थेंब, काजळ, मध, गुलाबपाणी यांपैकी काहीही घालू नका.

## टप्पा १: धुवायचं की निघायचं, हे आधी ठरवा

काही प्रसंगांत तपासत बसायला वेळ नसतो.

डोळ्यात चुना किंवा रसायन गेलं. आपल्या भागात चुन्याची डबी, ट्यूब किंवा पुडी घरोघरी असते आणि पोरं ती दाबून बघतात. चुना उडून थेट डोळ्यात जातो. चुना अल्कली आहे. बरीचशी आम्लं डोळ्याच्या पृष्ठभागावर भाजून थांबतात, अल्कली मात्र आत आत मुरत राहते, म्हणून इथे पहिली मिनिटं महत्त्वाची. रंगाईच्या कारखान्यातला कॉस्टिक सोडा, नव्या बांधकामावरचं सिमेंट, गाडीच्या बॅटरीतलं आम्ल, डाळिंबावर मारायची फवारणी, सगळ्यांना हाच नियम लागू.

१. जिथे आहात तिथेच धुवायला सुरुवात करा. शुद्ध पाणी, सलाइन शोधत बसू नका. नळाला रोज पाणी येत नाही म्हणून घरात पिण्याचं पाणी भरलेलं असतंच, ते वापरा. पुरलं नाही तर वापरायचं स्वच्छ पाणी घ्या.
२. डोकं दुखऱ्या डोळ्याच्या बाजूला कलतं करा, म्हणजे वाहणारं पाणी दुसऱ्या डोळ्यात जाणार नाही. कॉन्टॅक्ट लेन्स असेल तर धुता धुता काढा.
३. दोन्ही पापण्या बोटांनी उघड्या धरा. मूल डोळा मिटून घेणारच. एकानं धरायचं, दुसऱ्यानं ओतायचं.
४. निदान २० ते ३० मिनिटं सलग धुवा. हा वेळ घड्याळात बघा, कारण पाचच मिनिटं अर्ध्या तासासारखी वाटतात.
५. खालची पापणी ओढून आणि वरची उचलून चुन्याचे पांढरे कण दिसतात का बघा. दिसले तर ओल्या स्वच्छ कापसानं अलगद टिपा. एक कण आत राहिला तरी तो जाळत राहतो.
६. मग दवाखाना. रिक्षातही धुणं चालू ठेवा. रसायनाची बाटली किंवा पुडी बरोबर न्या.

हमखास होणारी चूक: चुन्यावर लिंबू, दही, तूप किंवा दूध घालणं. आम्ल घालून अल्कली मारायचा प्रयोग डोळ्यात करायचा नसतो. फक्त पाणी.

मार लागला किंवा काही घुसलं. मागावरचा उडालेला धोटा, छिन्नीची कपची, फटाका, विटी, गड्ड्याच्या जत्रेतून आणलेल्या खेळण्यातल्या पिस्तुलाचा छर्रा. इथे नियम उलटा आहे. डोळा फुटल्याची किंवा काही रुतल्याची शंका असेल तर धुवायचं नाही, चोळायचं नाही, रुतलेलं ओढायचं नाही. कागदी कपाचा तळ डोळ्याला टेकणार नाही असा उपडा ठेवून चिकटपट्टीनं लावा आणि निघा. ऑपरेशन लागू शकतं, म्हणून वाटेत खायला-प्यायला देऊ नका.

छिन्नी-हातोडीच्या कामातली एक गोष्ट कारागिरांनी लक्षात ठेवावी. लोखंडाची बारीक कपची डोळ्याच्या आत जाते तेव्हा दुखणं थोडंसंच असू शकतं, आणि नजरही त्या दिवशी ठीक वाटते. "टचकन काहीतरी लागलं" एवढी आठवण पुरेशी आहे. त्याच दिवशी दाखवा.

काही तपासता येईल का: टॉर्चच्या उजेडात बाहुली गोल दिसते का? थेंबासारखी ओढलेली दिसली तर डोळ्याला भोक पडलेलं असू शकतं. बुबुळामागे खालच्या बाजूला रक्ताची पातळी दिसली तर डोकं उंच ठेवून बसवून न्या.

न दुखता नजर अचानक गेली. काही मिनिटांत एका डोळ्यापुढे अंधार आला तर तो डोळ्याचा झटका समजा. अर्धांगवायूला करतो तेवढीच घाई करा. सोबत तोंड वाकडं होणं, बोलणं अडखळणं, हात लुळा पडणं यातलं काही असेल तर १०८ ला फोन करा. अचानक एकाचे दोन दिसू लागले, किंवा एक पापणी पडून त्या डोळ्याची बाहुली मोठी झाली, तरी तेच. ही दुखणी डोळ्यात दिसतात आणि असतात मेंदूच्या रक्तवाहिन्यांत.

## टप्पा २: नजर, एका वेळी एका डोळ्याची

आता शांतपणे करायची तपासणी. हा टप्पा सगळ्यांत जास्त वेळा टाळला जातो आणि लपलेली दुखणी सगळ्यांत जास्त इथेच सापडतात. एक डोळा मंद झाला की दुसरा त्याचं काम उचलतो. दोन्ही उघडे असेपर्यंत माणसाला काही जाणवत नाही.

२.१ दूरची नजर. दिनदर्शिकेपासून मागे सरकत जा आणि चांगल्या डोळ्यानं तारखा जेमतेम वाचता येतील तिथं थांबा. फरशीवर खडूनं खूण करा. आता तो डोळा झाका आणि दुसऱ्यानं त्याच तारखा वाचा. दोन डोळ्यांत स्पष्ट फरक असेल तर लिहून ठेवा. खूण ठेवली की पुढच्या महिन्यात त्याच जागेवरून पुन्हा बघता येतं.

२.२ मधली नजर. दिनदर्शिका हातात घ्या, वाचायच्या अंतरावर. एक डोळा झाकून मधल्या एका तारखेवर नजर रोखा. आजूबाजूच्या चौकटींच्या रेषा सरळ दिसतात का? वाकड्या, लाटांसारख्या दिसल्या किंवा मधेच एक तारीख पुसल्यासारखी वाटली तर नेत्रपटलाच्या (डोळ्याच्या आत मागच्या बाजूला असलेल्या पडद्याच्या) मध्यभागाचं दुखणं असू शकतं. पन्नाशीनंतर आणि मधुमेहात हे जास्त आढळतं. एक-दोन दिवसांत दाखवा, कारण त्यातल्या काही प्रकारांत डोळ्यात इंजेक्शन वेळेवर मिळालं तर नजर टिकते.

२.३ कडेची नजर. समोरासमोर हातभर अंतरावर बसा. तपासून घेणाऱ्यानं एक डोळा झाकून समोरच्याच्या नाकाकडे बघायचं. तपासणाऱ्यानं हात चारही कोपऱ्यांतून हळूहळू आत आणायचा आणि बोट हलवायचं. एखाद्या बाजूचं बोट फार उशिरा दिसलं तर नोंद करा.

खबरदारी: ही कडेची तपासणी ढोबळ आहे. ती चुकली तर दाखवायलाच हवं, पण ती बरोबर आली म्हणून काचबिंदू नाही असा अर्थ काढू नका.

२.४ विचारायचे प्रश्न. नजर कमी झाली ती काही तासांत, काही दिवसांत की वर्षभरात? डोळ्यापुढे काळे ठिपके एकदम वाढले का? अंधारात कडेला वीज चमकल्यासारखं होतं का? एका बाजूनं पडदा सरकत आल्यासारखा वाटतो का? ठिपके, चमक आणि पडदा हे त्रिकूट नेत्रपटल सुटण्याचं आहे. मोठा मायनस नंबर असणारे, मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेले आणि डोळ्याला मार लागलेले, यांना धोका अधिक. दुखत नसलं तरी त्याच दिवशी डॉक्टर गाठा. एखाद-दुसरा जुना ठिपका वर्षानुवर्षं तसाच असेल तर तो बहुधा निरुपद्रवी असतो.

## टप्पा ३: वेदना नेमकी कशी आहे

"डोळा दुखतोय" एवढ्यावर थांबू नका. घरच्यांना नेमकं विचारा: खाजतंय, चुरचुरतंय, खुपतंय की ठणकतंय?

खाज मुख्य असेल तर बहुतेक वेळा ॲलर्जी असते.

चुरचुर, जळजळ आणि संध्याकाळी वाढणारा थकवा हा बहुधा कोरडेपणा. एप्रिल-मे महिन्यांत आपल्याकडे पारा चाळिशी ओलांडतो, हवा कोरडी असते, त्यात दुचाकीवरचा गरम वारा आणि तासन्तास मोबाइल. बघताना पापण्यांची उघडझाप कमी होते आणि डोळा वाळतो. अशा डोळ्यातून पाणीही येतं, त्यामुळे "पाणी गळतंय, मग कोरडा कसा" असं वाटून लोक चुकतात.

खुपणं, पापणी उघडताच पाणी येणं आणि उजेड सहन न होणं म्हणजे बुबुळाच्या पृष्ठभागाला इजा झाली असण्याची शक्यता मोठी. इथे जरा थांबून सविस्तर सांगायला हवं.

ज्वारी काढताना धाटाचं पान लागतं, ऊसतोडीत पाचट लागतं, डाळिंबाच्या बागेत काटा, मळणीत कुसळ. ओरखडा छोटा असतो. पण झाडपाल्याच्या जखमेतून बुरशी शिरते आणि तिचं दुखणं सावकाश वाढतं. पहिले काही दिवस नुसतं खुपतं, मग बुबुळावर पांढरट-करडा ठिपका दिसायला लागतो. या काळात हातून होणारी सगळ्यांत महाग चूक म्हणजे स्टेरॉईडचा थेंब. त्यानं लाली एक-दोन दिवसांत उतरते, बरं वाटतं, आणि खाली बुरशी मोकाट वाढते. बुबुळावर फूल पडतं ते अशाच उशिरातून. ज्वारी-उसाच्या कामानंतर डोळा खुपत राहिला तर दुसऱ्या दिवसाच्या पुढे वाट बघू नका, आणि डॉक्टरांना "पान लागलं होतं" हे आवर्जून सांगा.

बाटली तपासा: औषधाच्या नावात डेक्सामेथासोन, बीटामेथासोन, प्रेडनिसोलोन किंवा लोटेप्रेडनॉल असेल तर ते स्टेरॉईड आहे. डॉक्टरांनी या वेळच्या दुखण्यासाठी लिहून दिल्याशिवाय ते डोळ्यात जाता कामा नये. शेजारच्यांना गुण आला म्हणून तर मुळीच नाही.

वेल्डिंगचा चटका ओळखायला सोपा आहे. काम दिवसा, आणि काही तासांनी, बऱ्याचदा रात्री, दोन्ही डोळ्यांत वाळू भरल्यासारखं होतं, उजेड नकोसा होतो. बहुतेक जण एक-दोन दिवसांत बरे होतात, तरी एकदा दाखवा, कारण त्यात लोखंडाचा कणही असू शकतो. काही वर्कशॉपमध्ये बधिर करणारे थेंब ठेवलेले असतात. ते वारंवार घातले तर बुबुळ विरघळायला लागतं. ती बाटली फेकून द्या.

खोल ठणका, त्याच बाजूला डोकेदुखी, मळमळ किंवा उलटी, दिव्याभोवती रंगीत कडी आणि धूसर नजर. हा तीव्र काचबिंदूचा झटका असू शकतो. डोळ्यातला दाब एकदम वाढतो. आपल्याकडे याला पित्त समजून लिंबू-सरबत आणि गोळी देऊन झोपवतात, आणि सकाळपर्यंत डोळ्याच्या नसेचं न भरून येणारं नुकसान झालेलं असतं. पित्ताच्या डोकेदुखीत प्रत्येक डोळा वेगळा तपासा. एका डोळ्याची नजर धूसर असेल, तो लाल असेल, तर रात्रीच निघा.

डोळा दुखतोय, उजेडाचा त्रास होतोय, पण चिपडं अजिबात नाहीत, असं असेल तर डोळ्याच्या आतली सूज असू शकते. तीही आजच दाखवायची.

## टप्पा ४: आता लाली

नजर ठीक, ठणका नाही, उजेड सहन होतो, एवढं झाल्यावरच लालीचा विचार करा. तेव्हा ती बहुधा साध्या दुखण्याची निघते.

डोळे येणे. लाली, पाणी किंवा चिपडं, सकाळी चिकटलेल्या पापण्या. एका डोळ्यातून दुसऱ्यात जातं. २०२३ च्या पावसाळ्यात राज्यभर याची साथ आली होती. बघण्यानं ती पसरत नाही. काळा चष्मा उजेडाच्या त्रासासाठी ठीक, पण साथ अडते ती हात धुण्यानं आणि रुमाल, उशी, टॉवेल वेगळे ठेवण्यानं. विषाणूचा प्रकार एक-दोन आठवड्यांत आपोआप बरा होतो. उकळून गार केलेल्या पाण्यानं, स्वच्छ कापसानं पापण्या पुसा, प्रत्येक डोळ्याला वेगळा बोळा. मधेच नजर धूसर झाली, ठणका सुरू झाला किंवा उजेड असह्य झाला तर टप्पा ३ मध्ये परत जा.

अपवाद: जन्मल्यापासून पहिल्या महिन्यात बाळाचे डोळे आले तर घरी थांबायचं नाही. लेन्स वापरणाऱ्याचा डोळा लाल झाला तर लेन्स काढून त्याच दिवशी दाखवायचं.

रक्ताचा लालभडक डाग. खोकल्यानंतर, जोर लावल्यावर किंवा काही कारण नसताना पांढऱ्या भागावर डाग उठतो. दिसायला भयंकर, पण दुखत नाही, नजर तशीच राहते. एक ते तीन आठवड्यांत जातो. रक्तदाब मोजून घ्या. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल किंवा डाग वारंवार येत असेल तर डॉक्टरांना सांगा.

रांजणवाडी. पापणीच्या कडेला दुखरी गाठ. कोमट ओल्या कापडानं दिवसातून चार वेळा दहा-दहा मिनिटं शेका, पिळू नका. पूर्ण पापणी सुजून डोळा हलवताना दुखू लागला, ताप आला, तर ती साधी रांजणवाडी राहिलेली नाही. लगेच दाखवा.

नाकाच्या बाजूनं बुबुळावर सरकणारा मांसल पडदा उन्हा-धुळीत काम करणाऱ्यांत दिसतो. तो बाहुलीकडे सरकतोय का हे सहा महिन्यांनी फोटो काढून बघा. घाई नसते.

## टप्पा ५: न दुखणारी, न लाल होणारी दुखणी

चाळिशी सगळ्यांना येते. जवळचं वाचायला हात लांब करावा लागतो. चष्मा घ्यायचा, पण रस्त्यावरून उचललेला नको, एकदा पूर्ण तपासणी करून. त्याच निमित्तानं डोळ्यातला दाब मोजला जातो, आणि माझ्या मते चाळिशीच्या चष्म्याचा हाच मोठा फायदा आहे.

मोतीबिंदू. नजर सावकाश धुरकट होते, समोरच्या गाडीचा दिवा डोळ्यांवर पसरतो, रंग फिके वाटतात, चष्म्याचा नंबर वारंवार बदलतो. एक फसवं लक्षण आहे: आजींना अचानक चष्म्याशिवाय पोथी वाचता येऊ लागते आणि घरात आनंद होतो. बऱ्याचदा तो वाढत्या मोतीबिंदूनं बदललेला नंबर असतो. "पिकल्यावर काढू" हा सल्ला जुन्या शस्त्रक्रियेच्या काळातला. आता रोजच्या कामात अडचण यायला लागली की ऑपरेशन करतात. फार पिकू दिला तर तो कठीण होतो, सुजतो आणि दाबही वाढवू शकतो.

काचबिंदू. मोतीबिंदूत गेलेली नजर ऑपरेशननं परत येते, काचबिंदूत गेलेली येत नाही. त्याचा नेहमीचा प्रकार अजिबात दुखत नाही, कडेची नजर आधी खातो आणि मधली शेवटपर्यंत ठेवतो. त्यामुळे घरी ओळखायची वाट बघू नका. आई-वडील किंवा भावंडांत कुणाला असेल, मधुमेह असेल, किंवा स्टेरॉईडचे थेंब अनेक महिने घातले असतील, तर चाळिशीपासून दर वर्षी दाब आणि नस तपासा. काचबिंदूचे थेंब घालून दिसण्यात काही फरक पडत नाही, आणि "गुण नाही" म्हणून लोक ते बंद करतात. ते उरलेली नजर राखण्यासाठी असतात. बंद करायचे नाहीत.

मधुमेह. टाइप २ चं निदान झालं त्याच वर्षी बाहुली मोठी करून नेत्रपटल तपासायचं, मग दर वर्षी. टाइप १ मध्ये साधारण पाच वर्षांनंतर सुरुवात करतात. मधुमेह असलेल्या बाईला दिवस राहिले तर पहिल्याच तिमाहीत. साखर आटोक्यात आहे, नजर चांगली आहे, म्हणून तपासणी सोडू नका. नजर चांगली असतानाच लेझरचा किंवा इंजेक्शनचा फायदा सर्वाधिक होतो.

टीबीच्या औषधांत इथॅम्ब्यूटॉल असेल आणि रंग फिके किंवा नजर मंद वाटू लागली तर त्याच दिवशी टीबी केंद्रातल्या डॉक्टरांना कळवा.

## टप्पा ६: मुलांचे डोळे

मूल तक्रार करत नाही, कारण त्याला तसंच दिसणं नेहमीचं वाटतं. म्हणून बघायचं ते तुम्ही.

फ्लॅशनं काढलेल्या फोटोत एका बाहुलीत लाल चमक आणि दुसरीत पांढरी दिसली, किंवा बाहुली मांजराच्या डोळ्यासारखी चकाकली, तर त्याच आठवड्यात डॉक्टरांकडे न्या. यामागे लहान मुलांतला मोतीबिंदू असू शकतो, डोळ्यातला कर्करोगही असू शकतो.

तिरळेपणा शुभ मानून सोडून देऊ नका, आणि "मोठा झाल्यावर बघू" असंही नको. तिरळा किंवा जास्त नंबराचा डोळा मेंदू वापरणं सोडून देतो आणि तो आळशी होतो. चष्मा आणि चांगल्या डोळ्यावर पट्टी हा उपचार जितका लवकर, तितका गुण. सात-आठ वर्षांपुढे तो अवघड होत जातो.

वेळेआधी जन्मलेल्या बाळाचं वजन २००० ग्रॅमपेक्षा कमी किंवा गर्भकाळ ३४ आठवड्यांपेक्षा कमी असेल तर जन्मानंतर ३० दिवसांच्या आत नेत्रपटल तपासून घ्या. बाळ डिस्चार्ज होऊन घरी आलं की नेमकी हीच तारीख विसरली जाते. डिस्चार्ज कार्डवर ती लिहून घ्या.

उन्हाळ्यात सतत डोळे चोळणारी मुलं, विशेषतः मुलगे, बहुधा ॲलर्जीची असतात. गार पाण्याच्या पट्ट्या द्या, चोळू देऊ नका. चोळण्यानं बुबुळाचा आकार बिघडतो. या मुलांना दर उन्हाळ्यात तोच जुना स्टेरॉईडचा थेंब आणून देणारे पालक भेटतात तेव्हा फार वाईट वाटतं, कारण तिथून मुलाला काचबिंदू होऊ शकतो.

अंगणवाडीच्या वयाचं मूल संध्याकाळी धडपडत असेल तर अ जीवनसत्त्वाची कमतरता तपासून घ्या.

## टप्पा ७: दवाखान्यात जाताना

सोलापुरात सरकारी सोय म्हणजे सिव्हिल, डॉ. वैशंपायन स्मृती वैद्यकीय महाविद्यालयाला जोडलेलं. टप्पा १ मधल्या प्रसंगात ओपीडीची वेळ बघू नका, अपघात विभागात जा. बाकीच्यांनी सकाळी लवकर.

बरोबर न्यायचं: आधीचे कागद, सगळे चष्मे, आत्तापर्यंत घातलेली प्रत्येक बाटली (रिकामी असली तरी), रोजच्या गोळ्यांची पाकिटं. मोतीबिंदूच्या ऑपरेशनला जाणाऱ्या काकांनी प्रोस्टेटची गोळी चालू असल्यास नक्की सांगावी. तिनं बाहुली सैल पडते आणि सर्जनला आधीच तयारी ठेवावी लागते.

बाहुली मोठी करणारा थेंब घातला की काही तास जवळचं धूसर दिसतं आणि ऊन डोळ्यांवर येतं. स्वतः गाडी चालवत जाऊ नका. गॉगल आणि सोबत कुणीतरी हवं. आजोबा-आजींना घरी तेलुगू किंवा कन्नड बोलायची सवय असेल तर त्यांचं बोलणं नीट सांगेल असं माणूस न्या. लक्षणं कधी सुरू झाली यावर अर्धं निदान अवलंबून असतं.

सांगताना तीन वाक्यं पुरतात: कोणता डोळा, कधीपासून, नजर कमी झाली का.

## टप्पा ८: थेंब घालण्याची रीत

चांगलं औषधही चुकीच्या रीतीनं वाया जातं. हात धुवा, मान मागे टाका, खालची पापणी ओढून खिसा करा आणि एकच थेंब टाका. बाटलीचं टोक पापणीला लागू देऊ नका. डोळा हलकेच मिटून नाकाजवळचा कोपरा बोटानं एक-दोन मिनिटं दाबा, म्हणजे औषध घशात उतरत नाही. दुसरा थेंब पाच मिनिटांनी, मलम सगळ्यात शेवटी. बाटली फोडल्याची तारीख तिच्यावर लिहा आणि साधारण महिन्याभरानं ती टाकून द्या.

ऑपरेशन झालेल्या डोळ्यात पहिल्या काही दिवसांत दुखणं वाढलं, लाली वाढली किंवा आदल्या दिवसापेक्षा कमी दिसू लागलं, तर पुढच्या तारखेची वाट न बघता त्याच दिवशी जिथे ऑपरेशन झालं तिथे जा. रविवार असला तरी फोन करा.